हवेतील जकातनाके

मुरुडच्या किनाऱ्याला समुद्रावरील जकात अपरिचित नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात कार्ताझची सक्ती केली; त्यांचा परवाना जवळ नसलेले गलबत जप्तीला पात्र ठरे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपल्या दस्तकाशिवाय व्यापारी जहाजांना निर्वेध वाट देण्याचे नाकारले. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी जंजिऱ्यात ठाण मांडून बसलेल्या सिद्दीची सत्ताही समुद्रावरील हुकमतीवरच उभी होती. यांपैकी कोणी समुद्र निर्माण केला नव्हता की त्यावर रस्ता बांधला नव्हता. वाट अडविण्याचे सामर्थ्य हेच त्यांचे भांडवल होते आणि त्या भांडवलावर त्यांना महसूल मिळत होता. जंजिरा संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. कार्ताझ आणि दस्तके इतिहासजमा झाली. महसूल वसूल करण्याची ती रीत मात्र संपलेली नाही. त्याच समुद्रापलीकडे जाणाऱ्या मुरुडकराला ती जकात आज आपल्या पिशवीतील टॅब्लेटवर भरावी लागते.

परदेशी उतरल्यावर टॅब्लेट किंवा फोन इंटरनेटला कसा जोडावा, हा विषय एरवी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवणीत शोभणारा समजला जातो. हौशी प्रवाशाची गैरसोय, यापलीकडे त्यास महत्त्व दिले जात नाही. वस्तुतः मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतून परदेशी जाणारा माणूस बहुधा हौशी प्रवासी नसतो. तो दुबई, कुवेत किंवा दोहा येथे मजुरीसाठी, वाहन चालविण्यासाठी किंवा दुकानात कामाला गेलेला असतो. मालवाहू जहाजावर खलाशी असतो. नाहीतर आयुष्यभराची पुंजी जमवून हजला निघालेला वृद्ध असतो. या तिघांच्या दृष्टीने इंटरनेटची जोडणी हे करमणुकीचे साधन नाही. घरच्यांची खुशाली, बँकेचा व्यवहार, मुलाच्या शाळेचा निरोप, दवाखान्याचा कागद हे सारे त्याच एका पडद्यावर येते. डोळे अधू झालेल्या आईला फोनच्या छोट्या पडद्यावर मुलाचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून घरोघरी टॅब्लेट आला. अशा वस्तूवर सीमा ओलांडताच कोण किती पैसे घेते आणि कशाच्या बळावर घेते, हा अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचाही प्रश्न आहे.

जोडणीचे चार मार्ग

परदेशात टॅब्लेट चालू करण्याचे मार्ग मोजून चार आहेत. पहिला वायफायचा. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त टॅब्लेटांत सिमकार्डाची सोयच नसते. त्यांना केवळ वायफाय चालते. शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये गाजावाजा करून विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा स्वस्त टॅब्लेट आणला, त्याची पहिली आवृत्ती अशीच होती. ज्या गावात वायफाय नव्हते तेथील मुलाच्या हाती तो दिल्याने काय साधणार, हा प्रश्न त्या वेळी पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही. यंत्र स्वस्त करणे आणि जोडणी देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परदेशी गेलेल्या मजुराला हाच धडा पुन्हा मिळतो. विमानतळावरचे फुकट वायफाय पुष्कळ ठिकाणी सांकेतिक क्रमांक फोनवर मागविते, आणि तो येण्यासाठी चालू सिमकार्ड आधीच असावे लागते. मजुरांच्या वसाहतीत एका जोडणीवर खोलीतील सगळे अवलंबून असतात, त्यामुळे रात्री कामावरून परतल्यावर पडद्यावरील आईचा चेहरा वारंवार गोठतो.

दुसरा मार्ग आपलेच भारतीय सिमकार्ड परदेशात वापरण्याचा, म्हणजे रोमिंगचा. तिसरा त्या देशाचे सिमकार्ड विकत घेण्याचा. चौथा आणि सर्वांत अलीकडचा ई-सिमचा. त्यात कार्ड बदलावे लागत नाही, यंत्रातच आज्ञावली उतरविली जाते. चौथा मार्ग स्वस्त असला तरी तो नव्या आणि महागड्या यंत्रांतच चालतो. ज्याला स्वस्त जोडणीची सर्वाधिक गरज, त्याच्याच हातात जुने यंत्र, असा हा उलटा न्याय आहे. शिवाय यातील काही विक्रेत्यांच्या ॲपांवर भारतात जानेवारी २०२४ मध्ये बंदी आली. परदेशी सिमकार्डे भारतात विकण्यास दूरसंचार विभागाची परवानगी लागते, ती त्यांनी घेतलेली नव्हती आणि अशा कार्डांचा उपयोग फसवणुकीसाठी होतो, असे कारण दिले गेले. फसवणूक रोखली पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ओळख पटवून, परवाना देऊन, स्वस्त पर्याय खुला ठेवणे हाही एक उपाय होता.

तिसरा मार्ग, म्हणजे तेथील सिमकार्ड, दीर्घकाळ राहणाऱ्या कामगारास सोयीचा वाटतो आणि तो बहुधा तोच पत्करतो. पण तेथे दुसरीच अडचण उभी राहते. भारतातील बँक खात्याचा सांकेतिक क्रमांक, अर्थात ओटीपी, बहुधा भारतीय क्रमांकावरच येतो. ते कार्ड बंद पडले की स्वतःच्या कमाईवरचा स्वतःचा ताबा सुटतो. म्हणून एक कार्ड बोलण्यासाठी आणि दुसरे केवळ बँकेच्या निरोपासाठी, असे दोन खर्च त्यास चालू ठेवावे लागतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये ग्राहकाची ओळख पटविण्याच्या अन्य पद्धतींना वाव देणारे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. हे पाऊल योग्य आहे. बँका ते सोय म्हणून अमलात आणतात की केवळ औपचारिकता म्हणून, यावर कामगाराचा लाभ अवलंबून राहील.

रोमिंगचे अर्थशास्त्र

उरतो दुसरा मार्ग, आणि खरी जकात तेथेच आहे. भारतात एक गिगाबाइट डेटा सुमारे दहा रुपयांच्या घरात मिळतो. जगातील सर्वांत स्वस्त दरांत त्याची गणना होते. तेच कार्ड, तोच टॅब्लेट घेऊन माणूस समुद्र ओलांडतो, आणि दिवसागणिक शेकड्यांत रक्कम मोजावी लागते. आगाऊ पॅक घेतला नाही आणि डेटा चुकून चालू राहिला, तर आकारणी मेगाबाइटच्या हिशेबाने होते. असे काय घडते की ज्यामुळे एवढा खर्च वाढावा?

तांत्रिकदृष्ट्या घडते ते साधे आहे. दुबईतील मनोरा टॅब्लेटचे कार्ड ओळखतो, भारतातील कंपनीकडे चौकशी करतो आणि होकार आल्यावर जोडणी देतो. यानंतर सामान्यतः सगळी माहिती आधी भारतातील कंपनीच्या यंत्रणेकडे येते आणि तेथून इंटरनेटवर जाते. म्हणजे दुबईत बसून दुबईच्याच दुकानाचा पत्ता शोधला, तरी तो प्रश्न सुमारे १,९०० किलोमीटरवरच्या भारताच्या किनाऱ्याला शिवून परत जातो. एवढी मजल समुद्राखालच्या केबलमधून निमिषार्धात होते आणि तिचा दर गिगाबाइटमागील खर्च अत्यल्प असतो. तात्पर्य, किमतीचे कारण अंतरात सापडत नाही. ते दोन कंपन्यांमधील व्यवहारात सापडते.

प्रवाशाची कंपनी परक्या देशातील कंपनीला घाऊक दर देते आणि त्यावर आपला नफा चढवून प्रवाशाकडून वसूल करते. परक्या कंपनीला हा प्रवासी आपला ग्राहक वाटत नाही. त्याने तिला निवडलेले नसते आणि तिच्यावर रागावून तो कोठे जाऊ शकत नाही. स्वदेशातील कंपनी निवडताना ग्राहक घरच्या दराकडे पाहतो, रोमिंगच्या दराकडे नाही. त्यामुळे स्पर्धेचा काच दोन्हीकडे सैल असतो. प्रत्येक कंपनी दुसऱ्या देशाच्या ग्राहकाकडून जास्त घेते, आणि दोघींचेही साधत असल्याने कोणी तक्रार करीत नाही. जणू दोन गावांच्या पाटलांनी परस्परांच्या रयतेवर पट्टी बसवावी, तसा हा प्रकार आहे. रयतेने दाद मागायची कोठे? स्वतःच्या पाटलाकडे जावे तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि दुसऱ्या गावात तिला मतच नसते.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने देशांतर्गत रोमिंगच्या दरांवर कमाल मर्यादा घातल्या. १ मे २०१५ पासून त्या आणखी खाली आणल्या. पुढे स्पर्धेच्या रेट्याने देशातील रोमिंगची आकारणी जवळजवळ नाहीशी झाली. मुरुडच्या लोकांना याचे महत्त्व विशेष कळावे, कारण दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे स्वतंत्र मंडळ आणि मुरुड महाराष्ट्र मंडळात. एके काळी मुंबईला कामासाठी गेलेल्या मुरुडकराचा फोनही रोमिंगमध्ये गणला जाई. ती आकारणी गेली म्हणून कंपन्या बुडाल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या बाबतीत मात्र प्राधिकरणाने दर ठरविण्यापासून अलिप्त राहण्याचे धोरण ठेवले आणि ते कंपन्यांच्या मर्जीवर सोडले.

युरोपचा दाखला

या दुखण्यावर औषध नाही, असे म्हणणाऱ्यांनी युरोपकडे पाहावे. युरोपीय संघाने २००७ मध्ये रोमिंगवरील बोलण्याच्या दरांना प्रथम कमाल मर्यादा घातली. १ मार्च २०१० पासून डेटाचे बिल ५० युरोवर पोचले की जोडणी आपोआप थांबविण्याची व्यवस्था आली. ग्राहकाने उघड संमती दिली तरच ती पुढे चालू राही. जुलै २०१२ मध्ये डेटाच्या किरकोळ दराची कमाल मर्यादा मेगाबाइटला ७० सेंट होती, २०१४ मध्ये २० सेंट झाली, आणि १५ जून २०१७ रोजी संघातील देशांत रोमिंगची वेगळी आकारणीच रद्द झाली. २०२२ मध्ये हा नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढविला गेला.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. मेगाबाइटला ७० सेंट म्हणजे गिगाबाइटला ७०० युरोंच्या आसपास. कंपन्यांनी एकमेकींना द्यायच्या घाऊक दराची मर्यादा २०२२ मध्ये गिगाबाइटला २ युरो होती आणि २०२७ मध्ये ती १ युरोवर यावयाची आहे. दहा वर्षांत खर्च एवढा घटला, असा चमत्कार कोणत्याही यंत्रशास्त्राने केलेला नाही. तंत्र सुधारले हे खरे. परंतु किंमत कोसळली ती प्रामुख्याने कायद्याने. पूर्वीच्या किमतीतील फार मोठा भाग सेवेचा मोबदला नव्हता, सीमेवर बसण्याचा मोबदला होता, हे यावरून सिद्ध होते. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथील काही मोठ्या कंपन्यांनी २०२२ पासून युरोपात जाणाऱ्या आपल्या ग्राहकांवर पुन्हा आकारणी सुरू केली. मनोरे तेच होते, केबल तीच होती. केवळ कायद्याचा हात निघून गेला होता.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एकट्या देशाने आपल्या ग्राहकासाठी किरकोळ दर बांधून भागत नाही, कारण घाऊक दर परक्या कंपनीच्या हाती राहतो. दोन्ही बाजूंच्या शासनांनी एकत्र बसून घाऊक दर खाली आणला, तरच किरकोळ दर टिकाऊपणे उतरतो. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांनीही २०१६ पासून आपापसांतील रोमिंगच्या दरांना, डेटासकट, मर्यादा घातल्या. म्हणजे कुवेतचा नागरिक दुबईला गेला तर त्याला संरक्षण आहे. मुरुडचा मजूर त्याच दुबईला गेला तर नाही.

आखातातील दुसरी जकात

आखाती देशांत लक्षावधी भारतीय राहतात. सहा देशांतील एकूण संख्या ९० लाखांच्या आसपास मानली जाते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले. त्यांत या सहा देशांचा वाटा सुमारे ३८ टक्के, आणि एकट्या संयुक्त अरब अमिरातींचा १९.२ टक्के होता. पैसे स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह पहिला होता. या रकमेचे गुणगान प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी होते. ती पाठविणाऱ्याला घरी बोलण्यासाठी काय मोजावे लागते, याची चर्चा होत नाही.

अमिरातींमध्ये इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध आहेत. मुरुडच्या घरात ज्या व्हॉट्सॲपवरून निरोप सहज जातो, त्याच व्हॉट्सॲपवरून तेथे बोलता येत नाही. मान्यताप्राप्त ठराविक ॲपेच वापरावी लागतात, आणि त्यांसाठी तेथील दूरसंचार कंपन्यांचा वेगळा मासिक आकार भरण्याची पद्धत रूढ झाली. आडवाट काढावी तर २०१६ च्या कायद्याने, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपविण्यासाठी खोटा नेटवर्क पत्ता वापरणाऱ्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद केली. आईशी बोलणे हा गुन्हा नाही. पण कायद्याची भाषा परकी, नोकरी मालकाच्या हाती आणि पोटाची काळजी पाठीशी असताना कोणता मजूर त्या सीमारेषेवर उभा राहून पाहील? सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये असे निर्बंध उठविले आणि तेथील दूरसंचार व्यवस्था काही कोलमडली नाही. हा निर्णय घेता येतो, हे शेजारच्याच राज्याने दाखविले आहे.

समाजवादी विचाराच्या वाचकांनी येथे एक कडू गोष्ट मान्य केली पाहिजे. अमिरातींमधील सर्वांत जुन्या दूरसंचार कंपनीत सरकारी संस्थेचा ६० टक्के वाटा आहे. मालकी सरकारची असली म्हणजे कारभार लोकांच्या हिताचा होतोच, असे नाही. भारताचा अनुभवही सर्वस्वी निर्मळ नाही. परदेशी तारायंत्र व बिनतारी संदेशवहनाची खासगी कंपनी १९४७ साली राष्ट्रीय मालकीची झाली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस अस्तित्वात आली. तिचेच रूपांतर १९८६ मध्ये विदेश संचार निगमात झाले. या निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, ही त्याची मोठी कामगिरी होय. पण त्याच निगमाच्या मक्तेदारीत परदेशी फोनचे दर इतके चढे होते की आखातातील माणूस बोललेले शब्द कॅसेटवर भरून गावाकडे जाणाऱ्याच्या हाती देई. २००२ मध्ये निगमाची सूत्रे खासगी उद्योगसमूहाकडे गेली, त्याच वर्षी मक्तेदारीही संपली आणि दर झपाट्याने उतरले. यातून स्पर्धा हे सर्व रोगांवर औषध, असा निष्कर्ष काढण्याची घाई काहींनी केली. परंतु जेथे ग्राहकाला निवडीचा अधिकारच नाही तेथे स्पर्धा पोचत नाही, आणि रोमिंग हे तसेच क्षेत्र आहे. मालकी कोणाचीही असो, दराला लोकांपुढे जाब द्यावा लागला पाहिजे, हे सूत्र दोन्ही अनुभवांतून निघते.

खलाशी आणि यात्रेकरू

समुद्रावरील माणसाची स्थिती आणखी बिकट. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मनोरा उरत नाही. जहाजावर उपग्रहाची जोडणी असते आणि ती कोणाला किती वेळ द्यायची हे मालक ठरवितो. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आल्या. त्यांनुसार जहाजमालकांनी खलाशांना, व्यवहार्य असेल तेथवर, इंटरनेट उपलब्ध करून द्यावयाचे आहे आणि आकार घेतलाच तर तो वाजवी असावयाचा आहे. घरच्यांशी संपर्क ही नाविकाची गरज म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याने मान्य केली, हे स्वागतार्ह आहे. पण 'व्यवहार्य' कशाला म्हणावे आणि 'वाजवी' कोणी ठरवावे? नौवहन महासंचालनालयाचे मुख्यालय मुंबईतच आहे. त्याने या दोन शब्दांना आकड्यांचे रूप दिले नाही, तर दुरुस्ती कागदावरच राहील.

हजच्या यात्रेकरूचे उदाहरण वेगळ्या कारणाने बोलके आहे. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने यात्रेकरूंसाठी हज सुविधा ॲप सुरू केले. मदिनेत रियाझुल जन्ना येथे प्रार्थनेसाठी जायचे तर सौदी शासनाच्या नुसुक ॲपवर आधी वेळ घ्यावी लागते. म्हणजे दोन्ही शासने गृहीत धरतात की मुरुडहून आलेल्या साठी-सत्तरीच्या माणसाजवळ यंत्र आहे, त्यात चालू जोडणी आहे आणि ती वापरण्याचे कसब आहे. शासनाची सेवाच जेव्हा जोडणीशिवाय मिळत नाही, तेव्हा जोडणीला चैनीची वस्तू म्हणणे शासनाला शोभत नाही. जी गोष्ट सक्तीची केली, ती परवडेल अशी करणे हेही कर्तव्यच ठरते.

दुसरे टोक मुरुडमध्ये

जोडणीला दोन टोके असतात आणि त्यांतील एक मुरुडमध्ये आहे, याचा विसर पडू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत विजेचे खांब कोसळले, वीज गेली आणि तिच्या मागोमाग फोनचे मनोरे मुके झाले. टाळेबंदीमुळे आधीच आखातात अडकलेल्या माणसांना घराचे छप्पर शाबूत आहे की नाही, हे कळण्यास दिवस लागले. त्या दिवसांत परदेशातील सर्वांत महाग पॅकही निरुपयोगी होता. समुद्राखालच्या केबलचेही तसेच. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तुटल्या. दोन्ही वेळा भारत आणि आखात या दोहोंच्या इंटरनेटला फटका बसला. मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या केबल मुरुडपासून फार लांब नाहीत, पण त्यांच्या दुरुस्तीत, पर्यायी मार्गांत आणि किनाऱ्यावरील मनोऱ्यांच्या बॅटऱ्यांत गुंतवणूक करण्याचा निर्णय मुरुडकराच्या हाती नाही. तो सार्वजनिक धोरणाचाच विषय आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. बाजार आपोआप मार्ग काढील, ई-सिम आणि फुकट वायफाय यांनी रोमिंगचे महत्त्व कमी होईल, मग शासनाने मध्ये का पडावे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. दर उतरले आहेत हे खरे. परंतु ते कोणासाठी उतरले हे पाहिले पाहिजे. ज्याला चार पर्यायांची तुलना करता येते, इंग्रजी अटी वाचता येतात, नवे यंत्र घेता येते, त्याच्यासाठी ते उतरले. जो रात्रीच्या विमानाने प्रथमच परदेशी उतरतो आणि ज्याला मालकाच्या माणसाने आणलेले पहिलेच कार्ड घ्यावे लागते, तो अजून जुनाच दर भरतो. बाजाराचा लाभ माहितीच्या उतरंडीने खाली झिरपेल, अशी वाट पाहत राहणे म्हणजे सर्वांत दुबळ्यास सर्वांत शेवटी मोकळे करणे होय.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून अमलात आला. जुलै २०२३ मध्ये दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी आपापल्या तत्काळ रक्कम पाठविण्याच्या व्यवस्था जोडण्याचे ठरविले. मजुराचा पैसा सीमा ओलांडून लवकर यावा यासाठी दोन सरकारे एकत्र बसू शकतात, तर त्याचा आवाज स्वस्तात यावा यासाठी का बसू शकत नाहीत? आखाती सहकार्य परिषदेतील देशांशी घाऊक रोमिंग दराबाबत करार ही पहिली मागणी. इंटरनेटवरून घरी बोलण्याची मोकळीक हा त्याच वाटाघाटींचा भाग असावा. दुसरी मागणी, नियामक प्राधिकरणाने अलिप्तता सोडून किरकोळ दरांना कमाल मर्यादा घालावी, आणि ठराविक रकमेवर जोडणी आपोआप थांबण्याची सोय प्रत्येक कंपनीवर बंधनकारक करावी. तिसरी, परदेशी कामावर जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी जी माहिती दिली जाते तिच्यात सिमकार्ड, डेटा आणि ओटीपी यांची माहिती मराठी व उर्दूत असावी. चौथी, खलाशांसाठी वाजवी आकाराची व्याख्या महासंचालनालयाने करावी. पाचवी, चक्रीवादळाच्या पट्ट्यातील मनोऱ्यांना काही दिवस पुरेल एवढी राखीव वीज ठेवण्याची सक्ती व्हावी.

या मागण्यांत अशक्य असे काही नाही. युरोपने त्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने पुऱ्या केल्या, आखाती देशांनी आपल्या नागरिकांपुरत्या केल्या, भारताने आपल्या सीमेच्या आत केल्या. उरला आहे तो केवळ परदेशी राबणारा माणूस, आणि त्याची मागणी मागे पडते याचे कारण उघड आहे. तो मतदानाच्या दिवशी बहुधा गावात नसतो आणि ज्या देशात असतो तेथे त्याला मत नाही. त्याच्या वतीने बोलण्याचे काम म्हणून मुरुडमध्ये राहणाऱ्यांवर येते. ग्रामसभेत, नगरपरिषदेत, आमदार-खासदारांच्या भेटीत रस्ता आणि पाणी यांच्या जोडीने हा प्रश्नही मांडला गेला पाहिजे. देशातील रोमिंगचा नाका याच पद्धतीने, नियमांनी आणि लोकांच्या रेट्याने, उठला. समुद्रापलीकडचाही उठविता येईल.